बैठका आणि बैठक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी गेल्या महिन्यात आमच्या घरी येऊन या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी सूचना केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते. त्यापुढे अध्यापनाची पदविका घेऊन पस्तीस वर्षे उपनगरातील मराठी शाळेत मुलांना बाराखडी, पाढे आणि कवायत शिकविली, एवढेच काय ते आमचे भांडवल. विद्वानांच्या पंक्तीस बसण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु चिटणिसांनी विषय सांगितला आणि आमचा नकार तेथेच गळून पडला.

आपल्या सभागृहावरील एक खोली रिकामी झाली आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. तिचे काय करावे यावरून कार्यकारिणीत दोन पक्ष पडले आहेत. तरुण मंडळी म्हणतात, तेथे यंत्रे आणून व्यायामशाळा काढावी. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, तेथे शांत असे ध्यानमंदिर करावे. ध्यानमंदिरासाठी आमच्या पुतण्याने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ देणगीही देऊ केली आहे. म्हणजे हा प्रश्न मंडळाचा आहे तितकाच आमच्या घरचाही आहे. म्हणून आज आम्ही जे बोलणार आहोत ते तटस्थ पंचाचे बोलणे समजू नये. ज्याला या प्रश्नाची किंमत आपल्या माणसांत मोजावी लागली, अशा एका माणसाचे ते बोलणे आहे.

आरंभी शब्दांचाच विचार करू. शिक्षकाची खोड जाता जात नाही! आपल्या मराठीत ‘बैठक’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. आखाड्यात उतरलेला मल्ल शंभर बैठका मारतो, तेव्हा तो शंभर वेळा बसतो आणि शंभर वेळा उठतो. साधक आसनावर आपली बैठक जमवितो, तेव्हा तो एकदाच बसतो आणि उठण्याची घाई करीत नाही. पहिल्याचे सामर्थ्य उठण्यात आहे, दुसऱ्याचे न उठण्यात. भाषेने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या पोटी सांभाळले, यात आम्हांस योगायोगापेक्षा काही अधिक दिसते. आपल्या पूर्वजांना या दोन गोष्टी परस्परांच्या वैरी वाटत नव्हत्या.

याची साक्ष शोधण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. अंधेरीहून वर्सोव्याकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या पायांखालचा आहे. त्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, दादाभाई नौरोजी यांच्या निवासस्थानी, २५ डिसेंबर १९१८ रोजी श्रीयोगेंद्र यांनी ‘द योग इन्स्टिट्यूट’ या संस्थेची स्थापना केली. तीच संस्था पुढे सांताक्रूझ पूर्वेस स्थिरावली आणि आजही तेथे कार्य करीत आहे. श्रीयोगेंद्रांचे पूर्वाश्रमीचे नाव मणिभाई देसाई. तारुण्यात त्यांना वेड होते ते कुस्तीचे आणि कसरतीचे. मुंबईस महाविद्यालयीन शिक्षणासाठी आले असता त्यांची परमहंस माधवदासजी यांच्याशी भेट झाली आणि त्यांचे आयुष्य निराळ्या वाटेस लागले.

याच माधवदासजींचे दुसरे शिष्य म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. महाराष्ट्र त्यांना स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखतो. त्यांचा जन्म १८८३ चा. योगमार्गाकडे वळण्यापूर्वी १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात भारतीय व्यायामपद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. पुढे ते अमळनेरास शिक्षक झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली अशा क्रिया करीत असता शरीराच्या आत नेमके काय घडते, हे क्ष-किरणांच्या आणि दाबमापक उपकरणांच्या साहाय्याने पाहण्याचा खटाटोप त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केला.

या दोन चरित्रांतील साम्य ध्यानात घ्यावे. दोघेही आखाड्यातून आले आणि एकाच गुरूच्या पायांशी बसले. दंडबैठका मारणारी दोन तरुण माणसे पुढे शांत बसण्याची विद्या घरोघरी पोहोचविणारी झाली. त्यांनी आखाड्याचा त्याग केला असे म्हणणे चुकीचे ठरेल. तेथे घडविलेले शरीर घेऊनच ती आसनावर बसली.

आणखी मागे जावयाचे तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी पाहावीत. मुलांच्या सहली घेऊन आम्ही तेथे कितीदा गेलो असू, याची गणती नाही. शंभरांहून अधिक लेणी आहेत. भिक्षूंच्या लहान लहान खोल्या, त्यांत बसण्या-निजण्यासाठी कोरलेले दगडी ओटे, बाहेर पावसाचे पाणी साठविण्याच्या पोढी आणि एका लेण्यापासून दुसऱ्याकडे नेणाऱ्या खडकात कोरलेल्या पायऱ्या. मुले नेहमी विचारीत, “गुरुजी, हे लोक दिवसभर नुसते बसूनच राहत का?” आम्ही त्यांना त्या पायऱ्या चढावयास लावीत असू. धापा टाकीत मुले वर आली की उत्तर त्यांचे त्यांनाच मिळे. भिक्षेसाठी डोंगर उतरणे, पुन्हा चढणे आणि पाणी आणणे हा त्या ध्यानस्थ जीवनाचाच भाग होता. शिवाय बौद्ध परंपरेत चंक्रमण, म्हणजे सावधपणे येरझाऱ्या घालणे, हीदेखील साधनाच मानली आहे. ध्यान हे चालत्या शरीराचे ध्यान होते. आज आपण उद्वाहनाने सातव्या मजल्यावर जातो, गादीवर बसून डोळे मिटतो आणि त्या भिक्षूंचा वारसा सांगतो. त्या वारशातील पायऱ्या मात्र आपण गाळून टाकल्या.

आपल्या महाराष्ट्रातच समर्थ रामदासांचे उदाहरण आहे. त्यांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली आणि बलोपासनेचा पुरस्कार केला. त्याच समर्थांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले. एका हाताने बाहूंस आणि दुसऱ्या हाताने मनास शिकविणारा हा गुरू होता. अलीकडच्या काळात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. सूर्यनमस्काराकडे जरा बारकाईने पाहावे. हातपाय, पाठ, पोट यांना त्यात श्रम आहेत. त्याचबरोबर श्वासाची लय आणि सूर्याच्या एकेका नावाचा उच्चार आहे. त्यास व्यायाम म्हणावे की उपासना, हे ठरविणे कठीण. आणि ठरविण्याची गरजही नाही.

परंतु केवळ पूर्वजांच्या दाखल्यांवर आजची पिढी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. म्हणून आधुनिक संशोधन काय सांगते तेही पाहू.

व्यायामासंबंधीचा एक प्रसिद्ध अभ्यास बसगाड्यांतून झाला आहे. बेस्टच्या दुमजली गाड्यांत वाहक कसे वरखाली करीत असत, हे येथील ज्येष्ठांच्या स्मरणात असेल. लंडनमध्येही तसेच होते. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी तेथील परिवहन सेवेतील सुमारे ३१,००० पुरुषांच्या आरोग्याचा अभ्यास करून १९५३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गाडी तीच, रस्ता तोच. परंतु दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. मॉरिस हे प्रामाणिक संशोधक. चालक मुळातच स्थूल असतील काय, ही शंका त्यांनी स्वतःच घेतली आणि गणवेशांची मापे तपासली. तो चालकांचा कमरेचा घेर आरंभापासूनच अधिक निघाला! म्हणजे फरकाचे सारे श्रेय जिन्याला देता येत नाही, हे त्यांनीच उघड केले. तथापि त्यानंतर झालेल्या असंख्य अभ्यासांनी मूळ सिद्धान्तास बळकटीच आणली. स्वतः मॉरिस नव्याण्णव वर्षे जगले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेली शिफारस अशी आहे: प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम करावेत, त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. पासष्टी उलटलेल्यांनी तोल सांभाळण्याचा आणि शक्तीचा व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावा. हे शेवटचे वाक्य आमच्या वयाच्या मंडळींनी गाठीस बांधून ठेवावे. त्याचे कारण पुढे सांगणारच आहोत.

आता ध्यानाकडे वळू. बोरिवलीकरांना खाडीपलीकडे गोराई येथील विश्व विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस परिचयाचा आहे. २००९ साली तो खुला झाला. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नसून सुमारे आठ हजार माणसे एकत्र ध्यानास बसू शकतात. त्यामागील प्रेरणा सत्यनारायण गोएंका यांची. ब्रह्मदेशातील मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले हे गृहस्थ मोठे व्यापारी होते. तीव्र अर्धशिशीने ते हैराण झाले होते. देशोदेशीच्या डॉक्टरांकडून गुण न आल्यामुळे ते १९५५ साली रंगून येथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गोएंका स्वतःच सांगत असत की, केवळ डोकेदुखी बरी करण्यासाठी आलो असे म्हणताच गुरूंनी त्यांना प्रथम परत पाठविले. मनाच्या शुद्धीसाठी यावयाचे असेल तर यावे, व्याधी जाईल ती आनुषंगिक फळ म्हणून, असा त्यांचा आशय होता. पुढे १९६९ साली गोएंका भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र सुरू झाले आणि २०१३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. ध्यान हे औषधाच्या बाटलीप्रमाणे विकण्याचा प्रकार हल्ली फार वाढला आहे. त्याचा खरा लाभ किती? २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ४७ चाचण्यांचा, म्हणजे एकंदर ३,५१५ व्यक्तींवरील प्रयोगांचा, एकत्र आढावा घेतला. ध्यानाच्या शिक्षणाने चिंता, खिन्नता आणि वेदना यांत काही प्रमाणात उतार पडतो, असे त्यांना आढळले. परंतु औषधे, व्यायाम किंवा अन्य उपचार यांच्यापेक्षा ध्यान अधिक प्रभावी आहे, असा पुरावा मात्र त्यांना मिळाला नाही. ध्यानाच्या भक्तांनी आणि टीकाकारांनी, दोघांनीही हे दोन्ही निष्कर्ष जोडीने वाचावेत.

या दोहोंची समोरासमोर परीक्षा झाली आहे काय? झाली आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात पन्नाशीपुढील १४९ व्यक्तींवर झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. एका गटास आठ आठवडे ध्यान शिकविले, दुसऱ्यास तितकाच काळ व्यायाम शिकविला, तिसऱ्यास काहीच शिकविले नाही. नंतर हिवाळाभर सर्दी-खोकल्याच्या आजारांची नोंद ठेवली. ध्यानाच्या गटात आजाराचे दिवस भरले २५७, व्यायामाच्या गटात २४१ आणि तिसऱ्या गटात ४५३. पुढे २०१८ साली याहून मोठ्या गटावर प्रयोग केला तेव्हा फरक इतका ठळक उतरला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा एक गोष्ट उघड आहे. ध्यान आणि व्यायाम यांच्यात जेमतेम उणेअधिक. खरे अंतर आहे ते काहीतरी करणारा आणि काहीच न करणारा यांच्यात. आपण मात्र श्रेष्ठ कोण याचा वाद घालण्यात दोन बैठकी घालविल्या, आणि त्या काळात कोणी व्यायामही केला नाही व ध्यानही केले नाही!

आता घरची गोष्ट.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आपण सर्वजण अण्णा म्हणत असा, हे मंडळाचे जुने सभासद होते. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी ध्यानाची कास धरली. पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास, या नियमात सोळा वर्षे खंड पडला नाही. पूर्वीचे अण्णा अतिशय तापट होते. लहानपणी त्यांच्या हातचा मार आम्ही खाल्ला आहे. ते अण्णा इतके शांत झाले की सुना त्यांना उलट उत्तर देण्याचेच विसरल्या. परंतु या सोळा वर्षांत ते चालले नाहीत. भाजी घरपोच येई, देवळात मुलगा गाडीने नेई. आम्ही म्हणत असू, “अण्णा, जरा बागेपर्यंत चला.” ते हसून म्हणत, “अरे बाळ, तू पायांनी हिंड. मी आत हिंडून येतो.”

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले. घसरणे अगदी साधे होते, दुसरा कोणी भिंतीचा आधार घेऊन सावरला असता. त्यांच्या पायांत सावरण्याइतके बळ उरले नव्हते. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, परंतु उभे करण्याचे सारे प्रयत्न व्यर्थ गेले. मांड्यांचे स्नायू पार आटले होते. चौदा महिने ते अंथरुणास खिळून होते.

त्या चौदा महिन्यांत आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. एक ही की, त्यांनी कोणावर चिडचिड केली नाही. वेदना होत असताही सेवा करणाऱ्या सुनेला ते “झोप घेतलीस ना गं?” असे विचारीत. हे सोळा वर्षांच्या साधनेचे फळ होते, यात आम्हांस शंका नाही. दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच एके दुपारी सांगितली. आमचा हात धरून ते म्हणाले, “बाळ, मन बसायला शिकले, पण पाय उठायचे विसरले. तू तरी माझ्यासारखे करू नकोस. आणि तुझ्यासारखेही करू नकोस.”

या वाक्याचा उत्तरार्ध आम्हांस झोंबला, कारण तो खरा होता. आमची चूक नेमकी उलट होती. कवायतीचे शिक्षक म्हणून आम्हांस आपल्या शरीराचा गर्व होता. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे आणि पन्नास बैठका, यांत कधी खंड नाही. ध्यान म्हणजे आळशांचा उद्योग, असे आम्ही चारचौघांत बोलत असू. पुढे आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा वाद उद्भवला. चार वर्षे सभा, पत्रे, आरोप-प्रत्यारोप. शेजाऱ्यांशी असलेला तीस वर्षांचा घरोबा तुटला. आम्ही चालत असू, परंतु प्रत्येक पावलागणिक आदल्या रात्रीच्या सभेतील उत्तरे जुळवीत असू. झोप उडाली. रक्तदाब इतका चढला की डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, शरीर तर चांगले राखले आहे, मग हे काय?” त्याचे उत्तर आमच्या सौभाग्यवतींनी दिले. त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही एकटे कुठे चालता? तुमचे भांडण बरोबर चालत असते.”

अण्णांच्या त्या वाक्यानंतर, त्यांच्याच खाटेशेजारी बसून, आम्ही पहिल्याने डोळे मिटले. पहिल्या दिवशी पाच मिनिटे शंभर मिनिटांसारखी वाटली. अण्णा म्हणाले, “मन पळाले तर पळू दे, परत आण. हीच तुझी एक बैठक झाली. आता दुसरी काढ.” त्या क्षणी आम्हांस उमगले की, ध्यानातही बैठका असतात. मनाला पुन्हा पुन्हा उठवून जागेवर आणणे, हीच ती. आज आम्ही पंधरा मिनिटे बसतो. रक्तदाबाची गोळी सुटलेली नाही, आणि डॉक्टरांच्या आज्ञेवाचून आम्ही ती सोडणारही नाही. परंतु झोप परतली आहे. आणि गतवर्षी गणेशचतुर्थीस आम्ही स्वतः शेजाऱ्यांच्या दारी मोदक घेऊन गेलो. बोलणे पूर्वीसारखे झाले असे नव्हे. दार मात्र उघडले.

यावरून आमचे नम्र मत असे बनले आहे. व्यायाम आणि ध्यान यांची फळे काही अंशी समान आहेत. व्यायामाने मनही प्रसन्न होते, ध्यानाने शरीरासही स्वस्थता लाभते. परंतु प्रत्येकाचा असा एक भाग आहे की जो दुसऱ्यास भरून काढता येत नाही. हाडांची मजबुती, मांड्यांचे बळ, शरीराचा तोल, हृदयाची क्षमता ही नुसते बसून मिळत नाहीत. आणि आपल्या मनात या क्षणी काय चालले आहे हे पाहण्याची सवय नुसत्या चालण्याने लागत नाही. म्हणून ज्याला जे आवडते त्याने ते करावेच, परंतु ज्याचा कंटाळा येतो त्याकडे आधी लक्ष द्यावे. तापट माणसाला बहुधा धावणे आवडते आणि शांत माणसाला बसणे. आपले वैगुण्य आपल्या आवडीच्या पाठीमागे लपून बसलेले असते.

दोन सावधगिरीच्या सूचना अवश्य देतो. जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा दम कोंडत असेल, तर त्याने उत्साहाने व्यायाम सुरू न करता प्रथम डॉक्टरांकडे जावे. तद्वतच ज्यास तीव्र मानसिक व्याधी आहे, अथवा डोळे मिटताच भीती दाटून येते, त्याने दीर्घ शिबिरांत स्वतःच्या मनाने जाऊ नये. तेथेही वैद्यकीय सल्ला घ्यावा. मनाच्या आजारासाठी डॉक्टरांकडे जाणे यात लाजण्यासारखे काही नाही, हे आपल्या ज्ञातीत आता तरी उघडपणे बोलले जावे.

आता भगिनींविषयी. हे व्याख्यान लिहून झाल्यावर आम्ही ते सौभाग्यवतींस वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, हे सारे खरे, पण पहाटे साडेचारला उठून चार डबे भरणारी, सात-बावीसची लोकल पकडणारी सून व्यायाम कधी करणार आणि ध्यान कधी करणार, ते कुठे लिहिले आहे?” आम्ही निरुत्तर झालो. घरकामातही श्रम आहेत हे खरे. परंतु वाकून केर काढल्याने खांदे आणि कणा बळकट होतात असे नाही, आणि गॅसपुढे उभे राहिल्याने मनास विसावा मिळतो असेही नाही. सुनेला अर्धा तास हवा असेल तर तो पंचांगात शोधून सापडणार नाही. घरातील दुसऱ्या कोणी तरी तो आपल्या वेळातून काढून द्यावा लागेल. आमच्यासारख्या निवृत्त सासऱ्यांनी कुकर लावावयास शिकावे. आम्ही साठीनंतर शिकलो. त्यास ना मुद्गलाइतके बळ लागते, ना समाधीइतकी एकाग्रता!

शेवटी त्या खोलीविषयी. पुतण्याशी बोलून, त्याच्या संमतीने, आम्ही मंडळापुढे एक सूचना ठेवीत आहोत. खोलीत यंत्रे आणू नयेत आणि तिला मंदिरही करू नये. ती रिकामी ठेवावी. सूर्यनमस्काराला रिकामी जमीन लागते आणि ध्यानालाही तेवढीच. चांगल्या सतरंज्या, ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी पाच-सहा भक्कम खुर्च्या आणि मुद्गलांच्या दोन जोड्या एवढे साहित्य पुरे. पहाटे साडेपाच ते साडेसहा नमस्कार आणि जोर-बैठका, तरुणांच्या देखरेखीखाली. त्यानंतर वीस मिनिटे शांत बैठक, ज्येष्ठांच्या सोबतीने. तरुण व्यायाम संपताच निघून जाणार नाहीत आणि ज्येष्ठ नुसते बैठकीच्या वेळी येणार नाहीत, एवढा एकच नियम असावा. सायंकाळची वेळ भगिनींसाठी राखावी, आणि त्या वेळी त्यांच्या मुलांना खाली सभागृहात सांभाळण्याचे काम निवृत्त मंडळींनी पत्करावे. मुलांचे पाढे घेण्यास आम्ही हजर राहू.

देणगीची जी रक्कम उरेल तिच्यातून सभागृहाच्या जिन्यास दोन्ही बाजूंनी धरावयाचा कठडा बसवावा, आणि खाली-वर पुरेसे दिवे लावावेत. वर जाण्यास उद्वाहन नाही, याची आपण आजवर तक्रार करीत आलो. यापुढे तो जिना हाच आपल्या साधनेचा आरंभ समजावा. अण्णांच्या नावाची पाटी लावावयाचीच असेल तर ती खोलीच्या दारावर नको. त्या कठड्याजवळ, पहिल्या पायरीपाशी लावावी. वर जाऊन बसणाऱ्याला आधी पाय उचलावे लागतात, हे त्यांना फार उशिरा कळले. आपणांस ते वेळेवर कळावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

आपण इतका वेळ शांतपणे बसून ऐकून घेतलेत, म्हणजे ध्यानाचा पहिला पाठ झालाच. आता सर्वांनी एकदा उभे राहावे, हात वर करून पाठ ताणावी आणि मगच पंक्तीस जावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.